खातं माझं, लेख तिचे

दोन-अडीच वर्षं मी लेखक होतो. आता नाही. हे दुसरं वाक्य लिहिताना मला जेवढं हायसं वाटतंय, तेवढं नोकरीतून सुटलो त्या दिवशीही वाटलं नव्हतं.

मूळचा मी तलाठी. गाव रहिमतपूर, आता घर साताऱ्यात, पण नोकरीतल्या बहुतेक बदल्या वडूजच्या पुढच्या कोरड्या पट्ट्यात झाल्या. जमीन कोणाच्या नावावर आहे आणि प्रत्यक्षात कसतंय कोण, हे बघण्यात माझा जन्म गेला. कागदावर एकाचं नाव आणि बांधावर दुसराच उभा, असं दिसलं की मी त्या माणसाला उन्हात उभं करून फैलावर घ्यायचो. त्या माझ्याच घरात, माझ्याच नावावर चुकीची नोंद झाली आणि मी ती डोळ्यांदेखत चालू दिली. म्हणून हे सगळं सांगतोय.

झालं असं, की निवृत्तीनंतर मुलीनं मला स्मार्टफोन घेऊन दिला आणि सोशल मीडियावर माझं खातं काढून दिलं. वर माझा निरोप समारंभातला फोटो लावला, डोक्याला फेटा आणि गळ्यात हनुवटीपर्यंत हार. मी आठवडाभर सगळ्यांना शुभ सकाळ केलं आणि कंटाळलो. दुपारी जेवून मी आडवा झालो की फोन बायकोच्या ताब्यात जायचा. ती वाईची. तिच्या माहेरी पुडीचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय टाकत नाहीत. आधी ती लोकांचं लिहिलेलं वाचायची, मग एका दुपारी तिनं स्वतःच एक लेख लिहिला आणि माझ्याच खात्यावर टाकून दिला. आपलं वेगळं खातं काढायचं असतं हे तिच्या गावीही नव्हतं. मला विचारावं तर मी घोरत होतो.

लेख आमच्या बदल्यांच्या गावांतले होते. तेव्हा भाड्याच्या घरातच पुढच्या खोलीत माझं दप्तर असायचं आणि मागं स्वयंपाकघर. कामासाठी लांबून आलेल्या बायका पुढं पुरुषांची गर्दी बघून घराला वळसा घालायच्या आणि मागच्या दारानं हिच्याकडे येऊन बसायच्या. पाणी प्यायच्या, चतकोर भाकरी खायच्या आणि बोलायच्या. पुढं मी गट नंबर लिहीत बसायचो आणि मागं हिला माणसं कळत होती. सगळी नोकरी हे असंच चाललं. आता ती एकेक बाई आठवून लिहायला लागली. स्वतःला तिनं लेखात कुठंच ठेवलं नाही. एक बाई असायची, तिचं काम असायचं, आणि दाराच्या पलीकडे खाली मान घालून लिहिणारा एक तलाठी.

लोकांना वाटलं, लिहिणारा तलाठीच. फोटो माझा, नाव माझं, नोकरी माझी. माझे जुने सहकारी, नात्यातले लोक, कुठले कुठले अनोळखी वाचक, सगळे मला साहेब साहेब करून पत्रं लिहायला लागले. एकानं विचारलं, 'पुरुष असून तुम्हाला स्वयंपाकघर इतकं कसं दिसतं?' मला आजही आमच्या घरात गुळाचा डबा सापडत नाही.

मी तेव्हाच सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, कारण खरं सांगायचं तर मला ते आवडत होतं. जन्मभर लोक मला बघून उभे राहिले ते कामापुरते. आता लोक हात जोडून 'तुमचं वाचलं' म्हणायचे. मी 'अहो, तसं काही नाही' म्हणायचो, आणि ते अशा सुरात, की त्यांना 'तसंच आहे' असं ऐकू जावं. एका लग्नाला जाताना मी जाकीट घातलं. बायकोनं ते पाहिलं आणि ती चपला घालून पुढं निघाली. तिला एकदा विचारलंही होतं, की बाई, हे नाव माझं पडतंय, तुला चालतंय का? ती म्हणाली, 'तुमचं बघून लोक वाचतात तरी. माझं कोण वाचेल?' मला ते सोयीचं होतं, म्हणून पटलं.

डोळे उघडले ते रहिमतपूरला, चुलतभावाच्या घरच्या बारशात. पुरुषांची पानं वाढून झाली होती, बायकांची पंगत अजून बसायची होती. माझ्या एका नातलगानं मोठ्या कौतुकानं हिला सगळ्यांदेखत म्हटलं, 'वहिनी, साहेबांना लिहायला निवांतपणा मिळावा म्हणून तुम्ही घर सांभाळता, हे फार मोठं आहे.' ही 'हो' म्हणाली आणि आमटीची बादली उचलून पुढं गेली.

त्या दिवसापासून तिनं लिहिणं बंद केलं. मला कळायला दोन आठवडे लागले, आणि कळलं तेही कशावरून, तर दुपारी उठल्यावर फोनची बॅटरी भरलेली असायची. वाचक विचारायला लागले, साहेब, हात आखडता का घेतला? मी तिला म्हटलं, अगं, लिही की. ती म्हणाली, 'संपलं सगळं.' ते खोटं होतं. भाजी निवडताना ती ओठ हलवत बसायची, लेख जुळवताना बसायची तशीच. पण कागद घ्यायची नाही, फोन तर नाहीच नाही. घरात एक माणूस मनातल्या मनात लिहितंय आणि माझ्या नावाच्या धोंड्याखाली ते दबून चाललंय, हे मला दिसलं आणि माझी झोप उडाली. दुपारचीसुद्धा.

मग मी सांगत सुटलो. जो भेटेल त्याला, की अहो, ते लेख हिचे आहेत. लोक हसायचे. 'काय हा नम्रपणा' म्हणायचे. एक जण तर आपल्या बायकोला म्हणाला, 'बघ, शिक, बायकोला श्रेय कसं द्यावं ते.' जितकं नाकारावं तितका मी मोठा होत चाललो होतो. खरं बोलून एवढा वैताग मला आयुष्यात आला नव्हता.

शेवटी मला जे येतं ते मी केलं. जमिनीवर नाव चढवायचं किंवा कमी करायचं तर आम्ही फेरफार धरतो, चावडीवर नोटीस लावतो आणि पंधरा दिवस हरकतीची वाट बघतो. मी तशीच नोटीस लिहिली आणि खात्यावर लावली. 'तमाम वाचकांस कळविण्यात येते की, या खात्यावर आजवर प्रसिद्ध झालेले सर्व लेख हे खातेदाराचे नसून त्याच्या पत्नीचे आहेत. प्रत्यक्ष वहिवाट पत्नीची असल्याने सर्व लेखांवर तिचे नाव दाखल करण्याचे योजिले आहे. कोणाची हरकत असल्यास पंधरा दिवसांत लेखी कळवावी. मुदतीनंतर आलेल्या हरकतींचा विचार केला जाणार नाही.'

झालं. लोकांना वाटलं, साहेबांनी आता विनोदी लेखनाला हात घातला. हसून हसून पोट दुखलं, असं चाळीस जणांनी कळवलं. आमच्या एका निवृत्त सर्कल ऑफिसरनं लिहिलं, 'हरकत आहे. पुरावा सादर करावा.' त्याच्याखाली पुन्हा हशा. तिच्या कुठल्याही लेखाला मिळाली नव्हती एवढी वाहवा माझ्या नोटिशीला मिळाली. बायकोनं ती वाचली, फोन माझ्या हातात परत दिला आणि म्हणाली, 'आता गप्प बसा.'

मी बसलोही असतो. पण त्याच आठवड्यात सांगलीहून टपालानं पाकीट आलं. तिथल्या एका जुन्या वाचनालयाच्या लोकांना हे लेख आवडले होते आणि त्यांचं छोटं पुस्तक काढायचं त्यांनी ठरवलं होतं. आधी फोनवर बोलणं झालं होतं, पण ते इतकं लवकर होईल असं मला वाटलं नव्हतं. पाकिटात पुस्तकाची छापील पानं होती, तपासून परत पाठवण्यासाठी. पहिल्याच पानावर ठसठशीत माझं नाव. मागं फेट्यातला फोटो. खात्यावरचं पुसता तरी येतं. पुस्तक एकदा गावोगावच्या कपाटांत गेलं, की मी मेल्यावरसुद्धा ते माझंच राहणार, आणि तिचं कधीच होणार नाही.

मी वाचनालयाच्या अध्यक्षांना फोन लावला. ते निवृत्त वकील. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, 'साहेब, तुमच्या भावना पोचल्या. आपण असं करू, पुस्तक वहिनींना अर्पण करू. जिच्यामुळे लिहू शकलो तिला, अशी ओळ टाकू.' तिचं पुस्तक माझ्या नावावर छापून परत तिलाच अर्पण. मी फोन ठेवला आणि बायकोला म्हटलं, उद्या सांगलीला जायचंय.

ती येईना. 'तिथं जाऊन मी काय सांगू? मी लिहिते, असं? मला नाही जमायचं. शरम वाटते.' मी म्हटलं, वर्षाची हळद आणायची आहे ना, मग चल. हळदीसाठी ती आली. एसटीत शेजारी बसून सांगली येईपर्यंत आम्ही फक्त हळदीबद्दल बोललो.

वाचनालयाच्या मागच्या खोलीत अध्यक्ष होते आणि पानं तपासणाऱ्या एक निवृत्त मुख्याध्यापिका. आमच्यापुढं भडंग आणि चहा आला. मी पुन्हा माझं गाऱ्हाणं मांडलं. अध्यक्ष पुन्हा कौतुकानं हसले. बायको कोपऱ्यातल्या खुर्चीवर पदर सावरून बसली होती आणि भडंगातले शेंगदाणे वेचून खात होती. मुख्याध्यापिका बाई मात्र हसल्या नाहीत. चष्म्याच्या वरून बघत त्या म्हणाल्या, 'ते राहू दे. मला पानं वाचताना एक शंका आली, तेवढी सांगा. तो मेंढपाळाच्या बायकोचा लेख आहे ना, त्याबद्दल.'

तो लेख सगळ्यांना पाठ होता. ती आणि तिचा नवरा मेंढरं घेऊन पश्चिमेला गेले होते आणि नवरा तिकडेच मुक्कामावर वारला. वारस म्हणून तिचं नाव जमिनीला लावायचं तर मृत्यूचा दाखला हवा. दाखला त्या गावचा हवा. आणि तिला त्या गावाचं नावच ठाऊक नव्हतं. मेंढरं ज्यांच्या रानात बसवली ते मालक तिला माहीत, झाड माहीत, नाव नाही. माझ्या बायकोनं स्वयंपाकघरात तिला विचारलं, मुक्कामावरून दिसायचं काय? ती म्हणाली, नदीत उतरणाऱ्या पायऱ्या, पल्याड टेकाडावर पांढरं देऊळ, आन् सांजच्याला तिकडनं घंटा. बायको वाईची. तिनं पायऱ्या कुठल्या, टेकाड कुठलं, घंटा कुठल्या अंगाला ऐकू यायची, हे विचारून गाव ओळखलं. भावाला पत्र टाकलं. तो सायकलवरून त्या गावी गेला, आणि तिथल्या पोलीस पाटलाच्या वहीत नोंद सापडली.

बाई म्हणाल्या, 'लेख दाखला मिळाला तिथं थांबतो. पण नाव लागल्यावर सातबाराचा उतारा तिच्या हातात आला असेल, तेव्हा ती काय म्हणाली? तिथं काहीतरी गाळलंय असं मला वाटतं.'

मी म्हटलं, 'काय म्हणणार? आभार मानले आणि आनंदानं गेली घरी.'

कोपऱ्यात भडंगाची ताटली खाली ठेवल्याचा आवाज झाला. 'आनंदानं?' बायको म्हणाली. 'तुम्ही होता कुठं आनंद बघायला?'

आणि मग ती बोलायला लागली. माझ्याकडे नाही, बाईंकडे बघून. 'उतारा घेऊन ती मागच्या दारी आली. म्हणाली, वैनी, येवढं वाचून दावा. मी वाचलं. तिनं बोट ठेवलं, ह्ये त्यांचं नाव न्हवं? मग दोन्ही अंगाला ह्ये वाकडं काय काढलंय? आता गेलेल्या माणसाचं नाव कंसात टाकतात, ते तिला कसं सांगायचं? मी म्हटलं, ते आता नाहीत ना, म्हणून. ती म्हणाली, म्हंजी कुपाण घातलं म्हना. मग जरा वेळानं म्हणाली, त्यांचं नाव परत येकदा घ्या वैनी. मला घेता येत न्हाई, आन् ते गेल्यापास्नं घरात कुनी घेत न्हाई. मी तीनदा वाचलं. मग तिनं कागदाची घडी करून कमरेला खोचली. आनंदानं म्हणे!'

अध्यक्षांच्या हातातला कप तसाच राहिला. बाईंनी विचारलं, 'हे लेखात का नाही घातलं?'

बायको आता भानावर आली. आवाज खाली आणून म्हणाली, 'ते घातलं असतं तर त्याच्या आधीचंही घालावं लागलं असतं. आणि ते घरचं आहे.'

बाईंनी पुढं काही विचारलं नाही. पेन्सिल घेतली, पहिल्या पानावरच्या माझ्या नावावर आडवी रेघ मारली आणि म्हणाल्या, 'पूर्ण नाव सांगा. सौ. लावायचं?' बायको म्हणाली, 'नको. नुसतं नाव.' आणि तिनं ते सांगितलं. मुलीच्या शाळेत अर्ज भरताना सांगायची त्यापेक्षा जरा मोठ्यानं. अध्यक्ष उठून उभे राहिले आणि माझ्या पुढून जाऊन तिच्यासमोर हात जोडले. मला इतकं बरं वाटलं, की उरलेलं भडंग मी दोघांच्या वाटचं खाल्लं.

परतीच्या एसटीत हळदीची पिशवी तिच्या मांडीवर होती. इस्लामपूर मागं पडलं तेव्हा मी विचारलं, 'आधीचं म्हणजे काय?'

ती खिडकीबाहेर उसाकडे बघत होती. म्हणाली, 'जाऊ दे.' मी म्हटलं, सांग. तेव्हा तिनं सांगितलं. 'ती पाचव्यांदा आली होती. प्रत्येक वेळी तुम्ही तिला परत पाठवली होती, दाखला आण म्हणून. त्या दिवशीही तिला गावाचं नाव सांगता येईना. तुम्ही सगळ्या लोकांसमोर म्हणालात, गावाचं नाव माहीत नाही, मग नवरा मेला हे तरी नक्की माहीत आहे का? लोक हसले. म्हणून ती मागच्या दारानं आत आली. त्याआधी ती कधीच आत आली नव्हती.'

मला ते आठवलं नाही. आजही आठवत नाही. पण ऐकल्याबरोबर मी ते ओळखलं. ते माझंच बोलणं होतं, तीच ढब, तोच शेवटी दिलेला टोला. कोणाच्या घरचा चहासुद्धा मी घेतला नाही, कागदात कधी खाडाखोड केली नाही, याची मी नोकरीभर फुशारकी मारली. आणि हे बोललो होतो. तिनं हे एवढी वर्षं मनात ठेवलं होतं, आणि लेखात मला 'कामात गढलेले' असं लिहून वाचवलं होतं. त्या 'कामात गढलेले'वर लोकांनी माझी स्तुती केली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एसटी कऱ्हाडला पोचली. मग म्हटलं, 'लिही ते.'

'लोक ओळखतील.'

'लिही.'

साताऱ्याला आल्यावर दोन दुपारी बसून मी खात्यावरचा एकेक जुना लेख काढला आणि प्रत्येकाच्या डोक्यावर तिचं नाव लिहिलं. एकही गट सोडला नाही. तिनं स्वतःचं खातं काढलं, कोणाला न विचारता. पुस्तक तिच्या नावानं आलं. फोटो छापू दिला नाही तिनं, आणि अर्पणपत्रिकेत माझं नाव नाही, हे मी आधी तपासून घेतलं. लोकांची मला येणारी पत्रं थांबली. एखादा रस्त्यात भेटून 'तुमचं वाचलं' म्हणाला की मी 'माझं नाही' म्हणतो, आणि आता ते त्याला खरं वाटतं. दुपारची झोप परत आली. दुपारी फोनची बॅटरी उतरलेली असते.

मग एके दिवशी तिनं तो लेख टाकला. सगळा, पाचव्या खेपेसकट, कंसासकट. तलाठ्याचं नाव तिनं दिलं नव्हतं. मी उठेपर्यंत खाली लोकांची रांग लागली होती. वडूजकडची माणसं, कुठल्या कुठल्या बायका. 'असल्या माणसाला बसवून ठेवलंच कसं?' 'हसणाऱ्यांचीही नावं लिहा.' एका म्हातारबाबानं लिहिलं होतं, 'आवं, त्यो तलाठी कोन व्हता त्ये सांगा की.' त्याच्याखाली आणखी दहा जणांनी तेच विचारलं होतं. तिनं कोणालाच उत्तर दिलं नव्हतं. स्वयंपाकघरात ती कणीक मळत होती, गरजेपेक्षा बराच वेळ.

मी चष्मा लावला, कॉटवर उठून बसलो आणि माझ्या खात्यावरून, फेट्यातल्या फोटोशेजारी, एका बोटानं टाइप केलं:

'तो तलाठी मी. बाकी सगळा लेख हिचा आहे. ते एक वाक्य माझं आहे.'